माहेरघासचे एकाहत्तर गुण

यशोधन कारखानीसला या प्रकरणात मिळायचं होतं ते असं: असोसिएट डायरेक्टर ही पाटी, वर्षाला नऊ लाखांची वाढ, गुरुग्रामच्या ऑफिसच्या तळघरात स्वतःच्या नावाची पार्किंगची जागा, आणि सासूबाईंनी पाहुण्यांसमोर ‘आमचे जावई कंप्युटरवर काहीतरी करतात’ असं म्हणणं बंद करणं. शेवटची बाब पैशात धरता येत नाही. पण यशोधन ती धरायचा, आणि दर वेळी ती नऊ लाखांच्या वर जायची.

त्या बदल्यात द्यायचं होतं ते फार नव्हतं. एका ब्रँडला शंभरपैकी सत्तर गुण.

ब्रँडचं नाव ‘माहेरघास’. मालक पद्माकर नेरूरकर, राहणार दिल्लीतलं द्वारका, तिथल्या मराठी मंडळाचे सलग सहा वर्षं बिनविरोध अध्यक्ष. फरीदाबादला त्यांचा कारखाना आहे, म्हणजे पत्र्याची शेड, दोन चक्क्या आणि बारा बायका. तिथून थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि झटपट उपमा बाहेर पडतो. भाजणी खरोखर चांगली. त्याचं कारण त्या बारा जणींतल्या गंगुबाई. धान्याचा वास बदलला की आच कमी करायची हे त्यांना घड्याळाशिवाय कळतं. पद्माकरांचं लक्ष मात्र कढईपेक्षा फेसबुकवर जास्त. पुड्याच्या फोटोला किती लाइक पडले हे ते दिवसातून तितक्या वेळा बघायचे, जितक्या वेळा इतर माणसं वेळ बघतात.

एनसीआरमध्ये, म्हणजे दिल्ली आणि आसपास, एकशे दहा दुकानं असलेल्या एका सुपरमार्केटच्या साखळीने त्यांचा माल ठेवायची तयारी दाखवली होती. अट एकच. ब्रँड सोशल मीडियाचा वापर किती चांगला करतो, हे बाहेरच्या कंपनीकडून तपासून घ्यायचं. सत्तरच्या खाली गुण पडले तर दुकानातल्या फळीवर जागा नाही.

ती बाहेरची कंपनी यशोधनची. मंडळाच्या गुढीपाडव्याला श्रीखंडाची वाटी हातात असताना पद्माकरांनी त्याला खांबाआड घेतलं.

“हे बघ, पास झालो की पुढच्या वर्षाचं पेजचं सगळं काम तुझ्या कंपनीला. मी काही पक्षपात कर म्हणत नाही हं. गुण नीट बघूनच दे.”

“अर्थातच, काका.”

“फक्त सत्तरच्या वरचे बघ.”

नवा ग्राहक आणेल त्याला बढती, असं यशोधनच्या साहेबांनी जानेवारीतच जाहीर केलं होतं. म्हणजे परीक्षकाची बढती परीक्षा देणाऱ्याच्या निकालावर. गुरुग्राममध्ये याला सिनर्जी म्हणतात आणि त्यावर कार्यशाळा घेतात.

तपासणीला बसल्यावर पहिल्या दिवशी यशोधन हरखलाच. देशभर खपणाऱ्या बिस्किटाच्या फोटोखाली साठ प्रतिक्रिया यायच्या, आणि माहेरघासच्या भाजणीखाली अर्ध्या तासात दोनशे बारा. ‘खूप छान.’ ‘अप्रतिम.’ ‘माहेरची आठवण आली.’ लोक नुसते बघत नव्हते, भरभरून बोलत होते. दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की ‘कारखाना सोमवारी बंद राहील’ या सूचनेखालीही एकशे अठ्ठ्याण्णव जणांनी ‘अप्रतिम’ लिहिलंय. मागच्या पावसाळ्यात शेडमध्ये गुडघाभर पाणी शिरलं, त्या फोटोखाली बासष्ट जणांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्याने गावं पाहिली. सगळं जग द्वारकेत राहत होतं. वेळही ठरलेली, सकाळी साडेदहा ते अकरा; डबे गेलेले, पोळ्यावाली गेलेली. सोमवारी सेक्टर सहा, मंगळवारी सेक्टर दहा, बुधवारी सेक्टर बावीस. सगळ्यांच्या वर, ‘टॉप फॅन’ असा बिल्ला लावून, हेमलता दीक्षित.

त्याच्या सासूबाई.

रविवारी सकाळी हेमलताताई ओल्या फडक्यावर थालीपीठ थापत होत्या, तेव्हा त्याने विषय काढला.

“आई, तुम्ही माहेरघासच्या पेजवर रोज लिहिता?”

“रोज कशाला? सोमवार आणि गुरुवार. आपल्या सोसायटीची पाळी असते.”

“पाळी?”

त्यांनी पिठाच्या हातानेच फ्रिजकडे बोट दाखवलं. चुंबकाखाली कागद होता. गणपतीत आरतीच्या पाळ्यांचा असतो तसाच. वार, सोसायटी, घर क्रमांक. खाली मंडळाचा शिक्का आणि चिटणीस म्हणून त्यांचीच सही.

“चुकवायची नाही. जमत नसेल तर बदली माणूस द्यायचा. परवा गुरुवारी मी दाताच्या डॉक्टरकडे होते, तर माझं ‘अप्रतिम’ शुभदाने टाकलं.”

“मी ‘सुंदर’ टाकलं,” यशोधनची बायको शुभदा चहा गाळत म्हणाली. “अप्रतिम फार होतंय यार, सगळ्यांचं एकसारखं दिसतं.”

“पण कशासाठी हे सगळं?”

हेमलताताईंना प्रश्नच कळला नाही. “कशासाठी म्हणजे? पद्माकर गणपतीच्या मांडवाचा सगळा खर्च करतात. कुणाचं फुकट घ्यायची सवय नाही आपल्याला. आपण लाइक देतो.”

हे त्या इतक्या ताठ मानेनं म्हणाल्या, की यशोधनला क्षणभर लाइक ही वस्तू बँकेत ठेवता येते असं वाटलं.

“आणि ही भाजणी? त्यांचीच?”

थापणारा हात थांबला. “यशोधन, भाजणी कुणी विकत आणतं का?”

त्यांच्या मागे स्टीलचा डबा होता, झाकणावर माहेरचं नाव कोरलेला. भाजणी पुण्याहून आली होती, शुभदाच्या आतेभावाच्या बॅगेतून. त्या बॅगेत सात किलो भाजणी आणि दोन शर्ट होते. द्वारकेतल्या प्रत्येक मराठी घरात असा डबा आहे, आणि पुण्यामुंबईहून दिल्लीला निघालेल्या प्रत्येक नातेवाइकाला विमानाचं तिकीट काढण्याआधी डब्याची यादी मिळते.

“कुणीच विकत घेत नाही? पद्माकरकाकांच्या घरीसुद्धा?”

“त्यांची साताऱ्याहून येते. भावजय पाठवते,” शुभदा म्हणाली. “काकू म्हणतात, घरच्याची सर नाही येत.”

“पापा, मला अजून एक चीला,” लेक उन्नती म्हणाली.

“थालीपीठ!” तिघंही एकदम ओरडले.

सोमवारी ऑफिसात यशोधनने तपासणीचा तक्ता पुन्हा वरून खाली वाचला. किती जणांपर्यंत पोचलं, किती जण बोलले, ब्रँडने किती वेळात उत्तर दिलं, लोकांच्या भावना कशा आहेत. ‘कुणी विकत घेतलं का’ असा रकाना कुठेच नव्हता. त्याने दोनदा शोधला. मग त्याला बरं वाटलं. रकाना नाही म्हणजे प्रश्न नाही, आणि आपण काही लपवतोय असंही नाही.

तक्त्यावर आकडे भरले. एकूण गुण आले अडुसष्ट.

दोन गुणांसाठी पाटी, नऊ लाख, पार्किंग आणि सासूबाई असं सगळंच अडकलं. गुण कुठे गेले म्हणून त्याने पाहिलं. तीन गुण ‘नकारात्मक भावना’ या खात्यात कापले होते. नकारात्मक प्रतिक्रिया एकूण एकेचाळीस, आणि सगळ्या एकाच माणसाच्या. बाबुराव गणवीर, सरोजिनी नगर.

पहिली अशी होती: ‘महोदय, भाजणीच्या पुड्यावर एक वाटी पिठास दोन वाट्या पाणी असे छापले आहे. प्रत्यक्षात पाऊण वाटी पुरते. दोन वाट्यांत थालीपीठ होत नाही, खळ होते. भाजणी उत्तम आहे. कृपया दुरुस्ती व्हावी.’ खाली माहेरघासचं उत्तर, सव्वा मिनिटात: ‘धन्यवाद! तुमचं प्रेम असंच राहू द्या.’ आणि लाल बदाम.

दुसरी: ‘संदर्भ, माझी दि. १२ ची सूचना. स्मरणपत्र क्र. १.’ उत्तर: ‘धन्यवाद! तुमचं प्रेम असंच राहू द्या.’ असं करत स्मरणपत्र क्रमांक चाळीसपर्यंत. बाबुराव कुठल्याशा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. फाइल निकालात निघेपर्यंत सोडायची नसते, एवढंच त्यांना ठाऊक. आणि उत्तर लवकर देण्याबद्दल माहेरघासला त्या खात्यात दहापैकी दहा मिळाले होते.

यशोधनने पद्माकरांना फोन लावला.

“काका, हा गणवीर कोण?”

“अरे, तो! डोकं खातो सारखं. मंडळाचा नाहीये. कुणीतरी स्पर्धक असणार, मुद्दाम करतोय.”

“पाण्याचं माप काय छापलंय आपण?”

“ते नोएडाच्या डिझायनरने केलंय सगळं. उपम्याच्या पुड्याचंच डिझाइन आहे, नाव बदललं फक्त. छान दिसतं ना?”

उपम्याला दोन वाट्या पाणी बरोबरच आहे. यशोधनला हे कळायला हरकत नव्हती. थालीपिठं त्याने शेकड्यांनी खाल्ली होती. पण भिजवलं एकही नव्हतं.

“त्याला ब्लॉक करा आणि त्याच्या कमेंट काढून टाका,” तो म्हणाला. “तीन गुण वाढतील.”

“बिल्कुल!” पद्माकर म्हणाले, आणि माहेरघासने त्या वर्षातलं सर्वांत जलद काम केलं.

गुण झाले एकाहत्तर.

साखळीतर्फे खरेदी बघणारे अनुराग मल्होत्रा अहवाल ऐकायला बसले. दोनशे बाराचा आकडा बघून त्यांच्या भुवया वर गेल्या.

“कमाल है. ये सब लोग खरीदते भी हैं?”

“सर, ये लोग ब्रँडसे दिल से जुड़े हैं,” यशोधन म्हणाला. यातला एकही शब्द खोटा नव्हता. दिलाचं पाकिटाशी काय नातं, हे अनुरागनी विचारलं नाही.

मे महिन्यात बारा हजार पुडे एकशे दहा दुकानांत गेले. न खपल्यास परत, या बोलीवर. फरीदाबादला गंगुबाई आणि बाकीच्या अकरा जणींनी तीन आठवडे जादा पाळी केली. त्याच महिन्यात यशोधनची पाटी आली. पगारवाढीच्या पत्रात एक बारीक ओळ होती, की नऊ लाखांची वाढ त्याने आणलेल्या ग्राहकाच्या विक्रीशी जोडलेली राहील. ती त्याने वाचली आणि खूश झाला. माल तर एकशे दहा दुकानांत होता. सासूबाईंनी पेढे वाटले आणि शेजारच्या सरदारीणबाईंना सांगितलं, “हमारे जमाई डायरेक्टर हो गए.”

जूनमध्ये अनुरागचा फोन आला.

“पद्माकर जी, पब्लिक पैकेट वापस ला रही है. बोलते हैं ये चीला नहीं, चिपकाने वाली लेई है. एक आंटी तो बर्तन ही उठाके ले आई काउंटर पर.”

रोहिणी, जनकपुरी, इंदिरापुरम इथल्या लोकांनी थालीपीठ कधी पाहिलेलं नव्हतं. म्हणून त्यांनी केलं ते द्वारकेतल्या कुणीच कधी केलं नव्हतं: पुडा विकत घेतला, मागचं वाचलं आणि लिहिलंय तेवढं पाणी घातलं. साखळीने सगळ्यांचे पैसे परत केले.

पद्माकरांनी मंडळाला हाक दिली. दुसऱ्या दिवशी पेजवर तीनशे चार जणांनी ‘अप्रतिम’ लिहिलं. हेमलताताईंनी तर ‘मी रोज खाते’ असंही लिहिलं. अनुराग बधले नाहीत.

“लाइक नहीं चाहिए. एक असली कस्टमर ले आइए, पुराने बिल के साथ. जो दुकान में खड़ा होके बोले कि मैं ये खरीदता हूँ, और बनाके दिखाए. एक आदमी. तो महीनाभर और रखूँगा. नहीं तो ट्रक भेज दीजिए.”

यशोधनने मंडळाच्या ग्रुपवर विचारलं: माहेरघासच्या भाजणीचं बिल कुणाकडे आहे? एकशे सत्तर जणांनी अंगठा दाखवला. बिल एकाकडेही नव्हतं.

नऊ लाख आता एका माणसावर येऊन थांबले होते, आणि त्या माणसाचं नाव यशोधनला पाठ होतं. रविवारी सकाळी तो आणि पद्माकर सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरचा जिना चढले. बरोबर भेट म्हणून माहेरघासच्या पुड्यांची परडी होती, परत आलेल्यांपैकीच.

दार बाबुरावांनीच उघडलं. पन्नाशीचे, चष्मा, हाताला पीठ.

“या. माहेरघास म्हणजे तुम्ही? मला वाटलं होतं पत्र येईल.” त्यांनी परडीतला पुडा उचलून मागची बाजू वाचली. “अजून दोनच वाट्या?”

“ते बदलतोय,” पद्माकर म्हणाले. “तुमच्या सूचनेची आम्ही फार गंभीर दखल घेतली, गणवीरसाहेब.”

बाबुरावांनी कपाटातून फाइल काढली. वर लिहिलं होतं, ‘विषय: पाण्याचे माप.’ आत एकेचाळीस प्रती आणि टाचणीने लावलेली सव्वीस बिलं. प्रत्येकी पंचाण्णव रुपये, खाली कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा शिक्का. बिलं बघून पद्माकरांचे डोळे पाणावले. इतकं माहेरघास त्यांनी कधीच एका जागी विकलेलं पाहिलं नव्हतं.

“चाळिसाव्या स्मरणपत्रानंतर तुमचं पेज माझ्या फोनवर दिसेनासंच झालं,” बाबुराव म्हणाले. “मला वाटलं कारखाना बंद पडला. वाईट वाटलं हो.”

“ते सॉफ्टवेअरकडून झालं,” पद्माकर म्हणाले. यशोधनने शक्य तितका सॉफ्टवेअरसारखा चेहरा केला.

“भाजणी मात्र छान असायची. कोण भाजतं?”

“आमची एक प्रोसेस आहे.”

“बाईमाणूस असणार. धने शेवटी घातल्याचं कळतं.” बाबुराव तव्याकडे वळले. तव्यावर थालीपीठ होतं, मधल्या भोकात तेल चुरचुरत होतं.

पद्माकरांनी गोड आवाज लावला. “मंडळात कधी दिसला नाहीत ते? आपलीच माणसं सगळी.”

“आलो होतो एकदा, गणपतीत. गणवीर म्हणजे नक्की कुठले, हे तिघांनी विचारलं. जेवलात का, हे कुणी विचारलं नाही. मग इथे येऊन जेवलो.”

हे ते तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत, इतिवृत्त वाचावं तसं बोलले. पद्माकर परडीचं सेलोफेन नीट करू लागले. यशोधनने मुद्द्याला हात घातला. शनिवार-रविवार दुकानात उभं राहायचं, पाच जणांना करून दाखवायचं, मी हे विकत घेतो असं सांगायचं. मानधन मिळेल.

“मानधन आम्हाला चालत नाही, सरकारी नोकर आहे. पण तसाच उभा राहिलो असतो. चांगला माल लोकांनी बिघडवून खाऊ नये असं मला वाटायचंच.”

“म्हणजे येता?” यशोधन पुढे सरकला.

“पण खरंच बोलायचं ना तिथे? मी आता तुमचा ग्राहक नाही.”

त्यांनी पुडा उलटा करून दाखवला. “पेज गेलं त्या दिवसापासून घरीच भाजतो. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा, उडीद, धने, सगळं प्रमाणासकट तुम्हीच मागे छापलंय. तेवढं मात्र बरोबर आहे. पहिल्या खेपेला जरा करपलं, आता जमतं.” आणि ताटल्या पुढे केल्या. “बसा, खाऊन जा.”

पद्माकरांनी दोन खाल्ली, यशोधनने तीन. यशोधन तिसरं खात असताना पद्माकरांनी खिशातून पेन काढलं.

“पाणी किती म्हणालात?”

“पाऊण वाटी. एकेचाळीस वेळा लिहिलंय.”

सोमवारी ट्रक गेला.

आता हिशेब. साखळीला एक पैसाही तोशीस लागली नाही. माल परत, गिऱ्हाइकांचे पैसे परत, ते सगळं माहेरघासच्या नावे. पद्माकरांना मोठा फटका बसायचा तो त्यांनी वाटून दिला. गणपतीचा खर्च या वर्षी मंडळाने वर्गणीतून करावा असं ठरवलं, आणि वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला आग्रहाने सहा सहा पुडे दिले. ते पुडे पुण्याच्या डब्याशेजारी एक महिना राहून कामवाल्या बायकांकडे गेले. मांडवाचं देणं संपल्यावर लाइकच्या पाळ्याही संपल्या. हेमलताताईंचा टॉप फॅनचा बिल्ला आपोआप गळाला आणि त्यांनी पुन्हा पाहुण्यांना सांगायला सुरुवात केली, की जावई कंप्युटरवर काहीतरी करतात. यशोधनकडे पाटी राहिली. पार्किंगची जागाही राहिली, खांबामागची. नऊ लाखांची वाढ विक्रीशी जोडलेली होती, ती विक्रीएवढीच झाली. पेजची पुढची तपासणी त्यानेच केली. नकारात्मक भावना शून्य, त्या खात्यात पैकीच्या पैकी.

फरीदाबादच्या शेडमध्ये गंगुबाई आणि त्या अकरा जणींचे जादा पाळीचे पैसे पद्माकरांनी ‘जरा दिवाळीपर्यंत’ थांबवले आहेत. दिवाळी कुठली, हे सांगितलेलं नाही.

आणि या सगळ्यात माहेरघासच्या भाजणीसाठी ज्याने खिशातून पैसे काढले आणि ते परत मागितले नाहीत, असा माणूस एकच. सव्वीस पुडे, दोन हजार चारशे सत्तर रुपये. पावत्या सरोजिनी नगरच्या फाइलीत आहेत, टाचणी लावून. ब्लॉक अजून काढलेला नाही.